दीक्षितपुऱ्यात जाहिरात दिसेना

किस्से काही कोणी जमवत नाही बाप्पा. घर झाडून काढलं तरी कोपऱ्यात धूळ साचते, तसे ते साचतात. आणि धंदा बुडत असला की फार साचतात! चालत्या दुकानात कोणाला फुरसत असते किस्से घडवायला? आमच्याकडे ज्या हिवाळ्यात सगळं बसत चाललं होतं, त्या हिवाळ्यात रोज एक तरी घडायचा. हसू यायचं, पण हसायला तोंड उघडलं की रडू निघायचं. तसलेच आहेत हे. ऐका.

एक होती गल्ली, जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातली. गल्लीत एक घर. घरात राहायची एक म्हातारी, तिचा मुलगा प्रकाश आणि प्रकाशची बायको कल्पना. तिघांना पुरेल इतकं अन्न होतं, इतकं छप्पर होतं, आणि समोरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर होते. म्हातारी म्हणजे मी. अक्षर एक येत नाही, पण चेहरा पाहिला की विसरत नाही.

प्रकाश रिछाईला प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात होता. तो कारखाना बंद झाला. कल्पना कॉम्प्युटर शिकलेली. ती म्हणे, "अहो, आपण मोबाइलवरच्या जाहिराती लावू."

मोबाइलवर तुम्ही बातमी उघडता न, अन् मधेच साडीचं चित्र येते, मिठाईचं येते, ते! इथल्या दुकानदारांची तसली चित्रं कल्पना बनवायची. प्रकाश गिऱ्हाईक शोधून आणायचा. कोणी चित्राला बोट लावलं की त्या बोटाचे पैसे दुकानदाराच्या खात्यातून कटायचे, असा तो धंदा.

मी म्हटलं, "अगं, पण लोकांना ते पाहायचंच नसते न!"

"म्हणून तर पैसे द्यावे लागतात, आई!"

चाललं बाप्पा. चांगलं चाललं.

*

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे साडीवाले सेठजी. पोट मोठं, मन त्याहून मोठं. पण त्यांच्या जाहिरातीचे पैसे रोज दुपारच्या आत संपायचे आणि साडी काही विकायची नाही. कल्पना हैराण! एवढी बोटं कोणाची लागून राहिली?

एके दिवशी सकाळीच ती दुकानात जाऊन बसली. सेठजी आले. शटर वर केलं, गल्ल्याला हळदीकुंकू लावलं, लक्ष्मीला उदबत्ती ओवाळली. मग मोबाइल काढला, त्याच्यावर आपली जाहिरात शोधली, तिलाही उदबत्ती ओवाळली आणि डोळे मिटून बोट लावलं. बोहनी! मग नोकरांनी आपापल्या मोबाइलवर लावलं. मग घरी फोन गेला, "सब लोग हाथ लगा दो." सेठाणीनं लावलं, सुनांनी लावलं, नातवंडांनी लावलं.

कल्पना जवळजवळ ओरडली, "सेठजी, ये तो आपके ही पैसे कट रहे हैं!"

सेठजी शांत. म्हणे, "बेटी, भगवान के आगे दिया जलाते हैं, तो तेल किसका जलता है?"

*

आता ज्या दिवशी हे सगळं फिरलं, त्या दिवसाचं सांगते.

मला वाचता येत नाही, पण सकाळी चहा घेत मी मोबाइलवर बातम्यांचे फोटो पाहते. त्या फोटोंच्या मधे एक टकला माणूस रोज यायचा. आधी पूर्ण टकला, मग बाजूला तोच, डोक्यावर केसांचं जंगल! तेलाची जाहिरात होती. वर्षानुवर्षं रोज पाहून मला तो ओळखीचा झाला होता. नातेवाईकसुद्धा इतके नेमानं येत नाहीत.

एका सकाळी तो आला नाही.

मी वर सरकवलं, खाली सरकवलं. नाही! दुसऱ्या दिवशीही नाही. मी कल्पनाला हाक मारली, "कल्पना, तो टकलावाला काहून येऊन नाही राहिला? बरं आहे न त्याचं?"

ती हसली. "आई, तुम्ही पण न!" असं म्हणत तिनं माझा मोबाइल घेतला. एक पान उघडलं. दुसरं उघडलं. मग स्वतःचा मोबाइल आणला, मग प्रकाशचा. बातम्या होत्या, फोटो होते, पण मधे सगळी मोकळी जागा. टकला नाही, साडी नाही, मिठाई नाही. कल्पनाचं हसू कुठं गेलं ते तिलाही कळलं नाही. तशीच उभी राहिली, हातात तीन मोबाइल घेऊन.

चहा उतू गेला तरी कोणी उठलं नाही.

*

प्रकाशनं मोबाइल कंपनीला फोन लावला. आमच्या अख्ख्या गल्लीत, अख्ख्या बाजारात, जवळजवळ सगळ्या शहरात त्याच एका कंपनीचे सिम. का, तर मागे एकदा चौकाचौकात छत्री लावून त्यांनी फुकट वाटले होते. फुकट म्हटल्यावर कोण सोडते! सेठजींनी तर दुकानातल्या नोकरांनाही रांगेत उभं केलं होतं.

फोनवर बराच वेळ सनई वाजली, मग एक पोरगी आली. प्रकाशनं फोन स्पीकरवर ठेवला.

"मैडम, मोबाइल पे ऐड नहीं आ रहे हैं."

"जी सर! ये हमारी नई सुविधा है. अब हमारा नेटवर्क सारे ऐड टॉवर पर ही रोक देता है. आपका डेटा बचेगा."

"पर मैडम, मैं ऐड लगाने का ही काम करता हूं. वो मेरी रोजी है."

पोरगी थोडी थांबली. बिचारीला असं कोणी विचारलं नसेल. मग तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "तो सर, अब आपको भी नहीं देखने पड़ेंगे!"

आणि शेवटी तिनं विचारलं, "क्या मैं आपकी तारीफ दर्ज कर लूं?"

प्रकाश फोनकडं पाहत राहिला. तिनं तारीफ नोंदवून टाकली.

*

मग गिऱ्हाईकं यायला लागली. रोज एक. सगळ्यांचं एकच, "हमारा ऐड कहां गया?"

आता खरं पाहिलं तर जाहिरात होती. दुसऱ्या कंपन्यांचे सिम असतील त्यांना दिसायची. पण सेठजींना ते समजावणार कोण? त्यांच्या मोबाइलवर नाही, म्हणजे जगात नाही! त्यांनी आधी गल्ल्याची दिशा बदलून पाहिली, मग आमच्याकडे आले.

कल्पनानं दुसऱ्या कंपनीचा एक सिम मुद्दाम घेऊन ठेवला होता. पण त्याची रेंज आमच्या गल्लीत उतरत नाही. घरं इतकी चिकटून आहेत की ऊन उतरत नाही, ती काय उतरणार! रेंज फक्त गच्चीवर. म्हणून सेठजींना गच्चीवर न्यावं लागलं. लोखंडी जिना अरुंद. पुढं कल्पना, मधे सेठजी, मागं प्रकाश, सेठजी मागं आले तर धरायला. मी खालून पाहून राहिले होते, जिना बोंबलून राहिला होता.

वर पोचल्यावर कल्पनानं मोबाइल पुढं केला. "ये देखिए. आपका ऐड."

सेठजींनी दोन्ही हात जोडले. डोळे भरून पाहिलं. सवयीनं बोटही लावलं. कल्पनाला बरं वाटलं, चला, समजलं यांना!

मग सेठजी वळले. गच्चीच्या कठड्यापाशी गेले. खाली बाजार दिसत होता, माणसंच माणसं. बराच वेळ ते पाहत राहिले. म्हणे, "बेटी, मेरे ग्राहक तो नीचे चल रहे हैं. छत पर कौन साड़ी लेने आएगा?"

उतरताना त्यांना कोणाला धरावं लागलं नाही. स्वतःच उतरले, एकेक पायरी, आणि त्यानंतर आले नाहीत.

*

एक छोटासा सांगते. गल्लीत एकाकडे बारसं होतं. बाया जमल्या आणि मोबाइलचं निघालं. सगळ्या खूश! एक म्हणे, आता बातमी लवकर उघडते. दुसरी म्हणे, पोरं उगाच बोट लावून भलतंच काही मागवायची, ती कटकट मिटली. कोणी म्हणे सरकारनं बंद केल्या, कोणी म्हणे मोबाइल आपोआपच दुरुस्त झाला. कंपनीनं केलं, हे तिथं एकीलाही ठाऊक नव्हतं!

कल्पना बाळाला घेऊन बसली होती, मान खाली घालून. शेजारच्या दुबे भाभी तिच्याजवळ सरकल्या. "अरे, तुम्हारा तो यही काम है न? ऐड वाला?"

"हां भाभी."

"तुमने ही बंद करवाए क्या? बहुत अच्छा किया!"

सगळ्या बायांनी मान डोलावली. कल्पनानं बाळाचं झबलं सारखं केलं, सारखं केलं, पुन्हा सारखं केलं.

*

पण ज्या किस्स्यानं मला आतून हलवलं, तो पनागरच्या रामकली बाईंचा.

रामकली बाईंची पनागरला वाडी. हिवाळ्यात मटार निघाला की त्या थेट शहरात घरोघरी पोचता करायच्या. मधे दलाल नाही. आधी मंडीत माल टाकून मुकाट परत यायच्या. कल्पनानं त्यांची जाहिरात बनवली. टोपलीभर हिरव्या शेंगा आणि खाली फोन नंबर. तेव्हापासून त्यांचा फोन दिवसभर वाजायचा. घरात त्यांना कोणी विचारायचं नाही, पण फोन वाजायला लागला तसे सगळे विचारायला लागले! त्या कल्पनाला म्हणायच्या, "बेटी, अब मेरा आदमी भी मुझे आप बोलता है."

त्या एका दुपारी टेम्पोतून आल्या. मटाराची पोती उतरवली आमच्या दारात. मला वाटलं, आता भांडतील. प्रकाशही उठून उभा राहिला.

त्या भांडल्या नाहीत. ओट्यावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. म्हणे, "अम्मा, ये पीले पड़ रहे हैं. मंडी में कोई पूछ नहीं रहा. सोचा, आप लोग ही खा लो."

कल्पना त्यांच्या पायाशी बसली. म्हणे, "काकी, मेरी गलती नहीं है, सच्ची."

"जानती हूं बेटी." मग त्यांनी कमरेचा मोबाइल काढून तिच्यापुढं धरला. "बस ये देख दे, खराब तो नहीं हुआ? दिन भर बजता था. अब मैं पड़ोसन के फोन से खुद को घंटी मारती हूं, कि बजता तो है न."

कल्पनानं तिथंच बसून त्यांना फोन लावला. वाजला. रामकली बाईंनी तो कानाला लावला. समोरासमोर बसलेल्या, पण फोनवरच म्हणाल्या, "हां, मटर है, ताजा है, बोलिए कितना भेजूं?"

मी आत जाऊन परात घेऊन आले. मग आम्ही तिघी शेंगा सोलत बसलो. 

*

त्यानंतर ठरून गेलं, धंदा बंद करायचा. कल्पनाचा भाऊ पुण्याला गोदामात सुपरवायझर आहे, त्यानं प्रकाशला बोलावलं. कल्पनाला नागपूरला तिच्या मावसबहिणीच्या पार्लरमध्ये काम मिळत होतं. आणि मी? मी इथं, घराला कुलूप लागू नये म्हणून. तीन माणसांचं घर तीन गावांत!  मालक, म्हणजे प्रकाशचे वडील, गेले तेव्हा मी प्रकाशला कडेवर घेऊन होते. त्यानंतर कोणी जाण्याची तयारी करून राहिलं की मला बोलताच येत नाही.

 एक दिवस प्रकाश बॅग भरायला बसला. कपडे भरायचा, काढायचा. मी विचारलं, "काय शोधून राहिला?"

"काही नाही, आई. तिथं थंडी किती असते, मालूम नाही."

कल्पना दारात उभी होती. राग आला की ती हिंदीत बोलते. म्हणे, "तो पूछ लो न किसी से! इतने लोग रहते हैं वहां!"

प्रकाश म्हणे, "कोणाला विचारू? मी तिथं कोणालाच ओळखत नाही."

कल्पनानं त्याच्या हातातून स्वेटर घेतला आणि स्वतः भरला. मग बॅग उघडून दुसराही भरला.

*

आणि आता हा शेवटचा.

ठरल्याप्रमाणे कॉम्प्युटर विकायचे होते. दुपारी एक माणूस पाहायला येणार होता. प्रकाश ओल्या फडक्यानं कॉम्प्युटर पुसून राहिला होता. असा पुसत होता, जसं पोराला शाळेत पाठवायच्या आधी पुसतात. तेवढ्यात दारात माणूस उभा. टाय लावलेला, घामानं डबडबलेला, गळ्यात पट्ट्याला कार्ड लटकवलेलं.

कल्पना म्हणे, "आइए. ये दो हैं. एक का कीबोर्ड थोड़ा अटकता है, पहले ही बता देती हूं."

माणूस म्हणे, "जी?"

"और ये वाला गरम होता है. पंखा लगाना पड़ेगा."

"मैडम, मैं कंप्यूटर लेने नहीं आया." त्यानं गळ्यातलं कार्ड पुढं केलं. "मैं कंपनी से आया हूं." आणि त्यानं नाव घेतलं. तीच कंपनी! टॉवरवर सगळं रोखून धरणारी!

 प्रकाशच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. कल्पना एक पाऊल पुढं झाली, आता ही काय बोलते नि काय नाही! मी मधे पडले. म्हटलं, "आधी पाणी दे त्याला. माणूस दमून आला आहे."

पाणी प्यायला. गटागटा प्यायला. मग खालच्या आवाजात म्हणे, "मैडम, हमने एक सुविधा निकाली है. बिना विज्ञापन वाली."

"मालूम है," कल्पना म्हणे. "हमसे ज्यादा किसको मालूम होगा!"

"वही तो दिक्कत है. आपके अलावा किसी को नहीं मालूम. कोई समझता है सरकार ने किया, कोई समझता है फोन ठीक हो गया. कंपनी का नाम ही नहीं लेता कोई!"

"तो ऐड चलाइए अपना."

"चला रहे हैं न, मैडम! दिल्ली वाले चला रहे हैं, भोपाल वाले चला रहे हैं. दिवाली से चल रहा है."

"तो फिर?"

त्यानं टाय सैल केला. आमच्या तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "दिख नहीं रहा."

प्रकाशच्या तोंडून आपसूक निघालं, "काहून?"

"भैया, सिस्टम में डाल दिया है कि विज्ञापन नाम की कोई चीज आए तो रोको. वो रोक रहा है. हमारा भी."

 मग प्रकाशला हसू आलं. किती दिवसांनी बाप्पा! भिंतीला टेकून, फडकं तोंडावर धरून हसला. कल्पना हसली. मग मीही हसले, आणि तो माणूसही. पण त्याचं हसू लवकर संपलं.

मग त्यानं मुद्द्याचं सांगितलं. वरून परवानगी आली होती. जबलपुरातल्या एका एजन्सीसाठी, म्हणजे आमच्यासारख्या जाहिरात लावणाऱ्यांसाठी, ते रस्ता मोकळा करणार. तिथून जे जाईल ते सिस्टम रोखणार नाही. कंपनीची जाहिरात जाईल, आणि एजन्सीच्या दुकानदारांच्याही जातील. कायमच्या.

"शहर में सबके यहां हो आया," म्हणे. "सब जगह ताला. आपका ही दरवाजा खुला मिला."

कल्पनानं त्याला दोनदा विचारलं, "हमारे दुकानदारों के भी? मटर वाली काकी का भी?" तो दोनदा हो म्हणाला. मग तिनं ते कागदावर लिहून मागितलं. त्यानं खिशातून कागदच काढून दिला, सहीशिक्क्याचा.

तेवढ्यात दारात दुसरा माणूस आला. "नमस्ते, कंप्यूटर देखने आया था."

प्रकाश उठला. त्याच्यापाशी गेला, त्याचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणे, "भैया, माफ करना. नहीं बिकेगा. चाय पी के जाओ."

त्यानं तिथल्या तिथं पुण्याचं तिकीटही रद्द केलं आणि आत येऊन मला म्हणाला, "आई, बॅग रिकामी कर न. मला जमत नाही."

मी स्वेटर घेऊन परत येईपर्यंत कल्पना कॉम्प्युटरपुढं बसली होती. बोटं तयार. तिनं विचारलं, "हां तो सर, आपके ऐड में लिखना क्या है?"

माणूस उभा राहिला. टाय वर केला, घसा साफ केला, आणि एकेक शब्द तोलून सांगितला. "लिखिए. बधाई हो! अब आपके मोबाइल पर एक भी विज्ञापन नहीं आएगा."

कल्पनानं लिहिलं. संध्याकाळच्या चहापर्यंत ती जाहिरात अख्ख्या जबलपूरच्या मोबाइलवर आली.